छावणीला काय हवंय

जबलपूरमधल्या चेरीतालच्या मराठी महिला मंडळाची खोली दोन ठिकाणी गळत होती. जुलै महिना होता, एकोणीसशे एकाहत्तर सालचा. गळतीखाली बादल्या ठेवून बायका सतरंजीवर बसल्या होत्या, आणि छपरासाठी तीन वर्षं साठवलेले अकराशे रुपये छपराला न लावता पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना द्यायचे, असा विषय पुढे होता. विषय अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे विभावरीबाई खेरांनी, मांडला. त्यांचे यजमान मोठे सरकारी अधिकारी. त्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यातून गाडीनं येत, पण सतरंजीवर सगळ्यांसारख्या मांडी घालून बसत.

द्यायचे की नाही, यावर पाच मिनिटंही लागली नाहीत. रोज वर्तमानपत्रात छावण्यांचे फोटो येत होते. "गळू द्या छप्पर अजून एक पावसाळा," असं बेबीताई म्हणाल्या आणि ते मंजूर झालं.

कुणाला द्यायचे, यावर मात्र दोन तास गेले.

विभावरीबाईंचं म्हणणं, सरकारी मदतनिधीत भरावेत. पावती मिळते, शंका राहत नाही. पद्मजाचा दीर सरहद्दीजवळच्या एका आश्रमात सेवक होता. तिथं रोज हजारो माणसांना खिचडी वाढतात, तेव्हा पैसे तिकडेच जावेत असं तिला वाटत होतं. बेबीताईंनी तर घरोघर फिरून कपड्यांची सात गाठोडी आधीच बांधून ठेवली होती. तिघींचंही खरं होतं, म्हणून कुणी मागे हटेना.

विनता मोघे मंडळाची सचिव होती. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, वय पस्तीस. बैठकीत ती सहसा लिहून घ्यायची, बोलायची नाही. त्या दिवशी वहीतून डोकं वर काढून तिनं विचारलं, "त्यांना काय हवंय, ते विचारलंय का आपण कुणी?"

"अगं, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला काय विचारायचं?" पद्मजा म्हणाली.

"तरी पण."

"मग तूच विचार," विभावरीबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "महिनाभरात उत्तरं आण. तोवर पैसे आहेत तिथं राहतील."

घरी येऊन विनतानं हे सांगितलं तेव्हा तिचे सासरे, अण्णा, ओसरीवर सुपारी कातरत होते. अण्णा तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले होते. आता मुलगा शशिकांत तिथंच होता, लाकडी साचे करायच्या खात्यात. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्रेचाळीस साली आम्हीही दिलं होतं," ते म्हणाले. "बंगालात दुष्काळ पडला होता. इथं फॅक्टरी रात्रंदिवस चालू, लढाई होती ना. आम्हाला फॅक्टरीतून स्वस्तात तांदूळ मिळायचा, अन् तिकडं माणसं मरून राहिली होती. सगळ्या खात्यानं एक दिवसाचा पगार दिला. साहेबानं डब्यात जमा केला अन् पाठवला."

"कुठं पाठवला?"

"तेच तर. कोणी विचारलंच नाही. पाठवला अन् मोकळे झालो." त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "मोकळं व्हायलाच पाठवला होता, असं आता वाटतं. माझ्या शेजारच्या बाकावर सान्याल बसायचा. त्याच्या गावची निम्मी माणसं गेली. त्यानंही पगार दिला, अन् कोणाला काही बोलला नाही."

सान्यालबाबू अजून अधारतालला राहत होते आणि अण्णांकडे दर गुरुवारी येत. त्या गुरुवारी विनतानं त्यांना पत्ते विचारले. त्यांची बहीण सरहद्दीच्या अलीकडच्या एका गावात होती. तिच्या गावाभोवतीच तीन छावण्या उभ्या राहिल्या होत्या. सान्यालबाबूंनी चष्मा पुसून चार पत्ते सांगितले, पाचवा पद्मजाच्या दिराच्या आश्रमाचा होता, आणि विनतानं रविवारी बसून पाच पत्रं लिहिली. इंग्रजी तिचं शाळेपुरतं होतं. तिनं फार शोभा न करता लिहिलं: आम्ही जबलपूरच्या काही गृहिणी आहोत. आमच्याजवळ थोडी रक्कम आणि थोडे हात आहेत. तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते कृपया कळवा.

दोन पत्रांना उत्तरच आलं नाही. तीन उत्तरं आली.

आश्रमाचं उत्तर पहिलं आलं, छापील, सुबक. जे पाठवाल ते प्रसाद म्हणून स्वीकारू, असं त्यात होतं.

दुसरं पत्र बिश्वास नावाच्या एका मास्तरांचं होतं. ते स्वतः जेसोरकडून चालत आलेले निर्वासित होते आणि छावणीतल्या आंब्याच्या झाडाखाली शाळा चालवत होते. अक्षर असं की पाटीवर गिरवायला द्यावं. त्यांच्याकडे एकशे चाळीस मुलं होती आणि नऊ पाट्या. 'मुलं पाळीपाळीनं लिहितात,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'ज्याची पाळी नसते तो बोटानं मातीवर लिहितो, पण पावसात मातीवर काही उमटत नाही.' त्यांना पाट्या आणि पेन्सिली हव्या होत्या. विनतानं ते पत्र तीनदा वाचलं आणि मनात तिचं ठरून गेलं.

मग चार दिवसांनी तिसरं आलं. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, पाकिटात दुमडून घातलेलं. लिहिणारे डॉक्टर बागची एका छावणीच्या दवाखान्यात होते.

'कपडे पाठवू नका,' पहिलीच ओळ होती. 'कपड्यांचे ढीग पावसात सडतायत, वाटायला माणसं नाहीत. इथं तेवीस हजार लोक आहेत. संडास चाळीस, त्यातले निम्मे वाहून गेले. मी कॉलऱ्याचा एक रोगी बरा करून पाठवतो आणि तो त्याच पाण्याकडे जातो. उंचवट्यावर खड्डे खणायला तरुण पोरं तयार आहेत. वर बसवायच्या फरश्या इथंच ओतता येतील. वाळू आहे, पण सिमेंट थोडं मिळतं आणि साचे नाहीत. सिमेंटपुरते पैसे आणि दोन चांगले साचे पाठवलेत तर उपकार होतील. याला कुणी पैसे देत नाही, हे मला ठाऊक आहे.' खाली फरशीचं चित्र होतं. मधलं भोक, दोन बाजूंना पावलं टेकायच्या जागा, सगळी मापं इंचांत.

विनता पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बसली. ज्या पत्रावर तिचं मन बसलं होतं ते हे नव्हतं.

शशिकांत फॅक्टरीतून आल्यावर तिनं त्याला चित्र दाखवलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, उभ्याउभ्याच पाहिलं. "माप बरोबर आहे," तो म्हणाला. "पण काठाला उतार दाखवला नाही त्यांनी. सरळ काठ ठेवला तर फरशी साच्यातून सुटायची नाही."

"मी तुम्हाला ते नाही विचारून राहिले. कुणाला द्यायचं ते विचारते."

"तू मास्तरीण आहेस. तुला पाट्या द्याव्याशा वाटणारच."

"मग?"

"मग काही नाही. मी सुतार आहे, मला साचा करावासा वाटतो. आपल्याला काय वाटतं त्याच्यावर थोडीच आहे."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बैठक झाली. विनतानं तिन्ही पत्रं वाचून दाखवली, डॉक्टरांचं सगळ्यात शेवटी. वाचून झाल्यावर कोपऱ्यात कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं.

"म्हणजे मंडळाच्या पैशानं संडास बांधायचे?" पद्मजानं विचारलं. "वार्षिक अहवालात काय लिहायचं मग?"

बेबीताई हसल्या नाहीत. त्यांना लागलं होतं. "कपडे पाठवू नका म्हणतात? मी माझा लग्नातला शालू दिलाय त्यात. एवढं दिलं आपण, अन् ते म्हणतात नको. काहून?"

"तुमच्या शालूला नाही म्हणत ते, बेबीताई," विनता म्हणाली. "त्यांच्याजवळ वाटायला माणसं नाहीत." मग तिला वाटलं की आता बोलायलाच हवं, आणि वर्गात उभी राहते तशी ती उभी राहिली. "तिकडची जमीन ताटासारखी सपाट आहे. पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं. जिथं माणूस बसतो तिथलं, आणि जिथून पितो तिथलं, सगळं पाणी एक होऊन जातं. खिचडी खाल्लेला माणूसही तेच पाणी पितो. पाटीवर लिहिणारं पोरही तेच पितं. मला स्वतःला पाट्या द्यायच्या होत्या, खरं सांगते. पण हे पत्र वाचल्यावर..." ती खाली बसली.

पद्मजा म्हणाली, "पटतं गं. पण मन घेत नाही."

तेव्हा विभावरीबाई बोलल्या. बोलताना त्या कुणाकडे पाहत नव्हत्या.

"माझे वडील रंगूनला नोकरीला होते," त्या म्हणाल्या. "बेचाळीस साली जपानी आले तेव्हा आम्ही चालत निघालो. मी बारा वर्षांची. वाटेत एका छावणीत तीन आठवडे होतो. मैदान होतं नुसतं, झाड नाही, आडोसा नाही. माझी आई दिवसभर पाणी प्यायची नाही. सगळ्याच बायका प्यायच्या नाहीत. अंधार पडेपर्यंत थांबावं लागायचं ना, म्हणून. एवढी उन्हाळ्याची आग, अन् आई ओठ नुसते ओले करायची. पुढे तिचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं ते शेवटपर्यंत. कॉलऱ्याचं डॉक्टरांना कळतं. हे त्यांनी लिहिलं नाही, पुरुष आहेत ते. पण मला माहीत आहे."

इतकी वर्षं मंडळात असून त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. बेबीताईंनी हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि लगेच मागे घेतला, कारण त्या अधिकाऱ्याच्या बायको होत्या.

"सरकारी निधीचं मीच सुचवलं होतं," विभावरीबाई म्हणाल्या. "ते मागे घेते. अहवालात संडासच लिहा, दुसरा शब्द शोधू नका."

पैसे सिमेंटसाठी जायचे ठरले. पद्मजा म्हणाली की तिचा विरोध नाही, पण ती आपल्या घरचं वेगळं काही आश्रमाला पाठवील, आणि कपड्यांची गाठोडीही तिकडेच जाऊ देत, ते घेतात म्हणाले आहेत ना. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. बेबीताईंनी मात्र गाठोडं सोडून शालू काढून घेतला. "हा नातीला देईन," त्या पुटपुटल्या.

शशिकांतनं साच्यांसाठी सागाच्या फळ्या बाजारातून आणल्या. फॅक्टरीत लाकडाचे तुकडे ढिगानं पडत, पण त्यातला एकही तो कधी घरी आणत नसे. दोन रविवार तो अंगणात रंधा मारत बसला. अण्णा बाजेवर बसून सूचना करत होते आणि तो त्यातली एखादीच ऐकत होता.

"आठवडाभर तोफेच्या गाड्याचा साचा, अन् सुट्टीच्या दिवशी हा," विनता चहा देता देता म्हणाली. "तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

त्यानं फळीच्या काठावरून अंगठा फिरवला. "वाटतं कधी कधी. आठवड्यात सहा दिवस जे करतो, त्यानं कुठंतरी एखादं गाव रिकामं होत असेल. आपण म्हणतो, आपला पक्ष न्यायाचा. असेलही. पण गाव ते गावच." तो थोडा वेळ काम करत राहिला. "तू काय म्हणते, या एका रविवारानं ते फिटतं?"

"नाही."

"मलाही नाही वाटत. पण साचा चांगला व्हायला पायजे."

दुसरं काम विनताचं होतं. बिश्वास मास्तरांना नाही म्हणायचं पत्र. छापील नमुन्यासारखं दोन ओळींत कळवता आलं असतं. ज्या दोन संस्थांनी उत्तरच दिलं नव्हतं त्यांच्यासारखं गप्पही बसता आलं असतं. तिनं तीन कागद फाडले. शेवटी तिनं जसं घडलं तसं लिहिलं: तुमचं पत्र मला सगळ्यात जास्त भिडलं, मीही शिक्षिका आहे. पण आम्ही कॉलऱ्यासाठी पैसे दिले. मुलं राहिली तर पाट्यांचा उपयोग, असा विचार केला. मला माफ करा.

साचे घेऊन सान्यालबाबू स्वतः गेले. त्यांचं वय अडुसष्ट. अण्णा स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडी हलताना सान्यालबाबू खिडकीतून म्हणाले, "इस बार देखकर आऊँगा, कहाँ गया." अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं आणि ते ओसरीवर जाऊन सुपारी कातरत बसले.

सप्टेंबरमध्ये मास्तरांचं उत्तर आलं. विनतानं ते शाळेतून आल्या आल्या, चपला न काढता वाचलं.

'आदरणीय भगिनी,' त्यांनी लिहिलं होतं, 'मी बावीस पत्रं पाठवली. नाही असं लिहून कळवणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून हे उत्तर. तुमचा निर्णय चुकीचा नाही. तो पुरा मात्र नाही. मुलं राहिली तर पाट्या, असं तुम्ही म्हणता. मी इथं रोज पाहतो की जगलेली मुलं दिवसभर रांगेत नुसती उभी असतात आणि हळूहळू बोलायची थांबतात. लिहिताना ती बोलतात. डॉक्टरसाहेबांना हे मोजता येत नाही, त्यामुळे त्यांच्या पत्राला वजन आलं आणि माझ्या पत्राला फक्त भावना. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे तुम्हाला सांगण्याचं धाडस केलं.'

तिला आधी राग आला. आपण एवढ्या विचारानं, स्वतःच्या मनाविरुद्ध केलं, आणि हा माणूस आपल्या चुका काढतोय. रात्रीच्या जेवणापर्यंत राग उतरला आणि त्या जागी नुसतं ओझं राहिलं. तिनं पत्र अण्णांना वाचून दाखवलं.

"बरोबर लिहिलंय त्यानं," अण्णा म्हणाले. "तुझंही बरोबर होतं. दोन बरोबर गोष्टी एका पिशवीत मावत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

"मग मी काय करू?"

"दुसरी पिशवी पाहा."

तिनं मंडळाला पुन्हा विचारलं नाही. शाळेत बाकीच्या शिक्षिकांना पत्र हिंदीत करून सांगितलं. कुणी दोन पाट्या दिल्या, कुणी चार. महाराजपूरच्या एका बाईनं आपल्या मुलांच्या जुन्या, लाकडी चौकटी निखळलेल्या पाट्या आणल्या. शशिकांतनं त्या चौकटी बसवून दिल्या. शहात्तर पाट्या झाल्या. नोव्हेंबरच्या मध्याला रेल्वेनं पार्सल गेलं. पंधरा दिवसांनी पोच आली. सही कुणाची होती ते लागत नव्हतं. पत्र आलं नाही.

तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. फॅक्टरीत पाळ्या बारा तासांच्या झाल्या. काचांना काळे कागद लागले, शाळेत मुलींना बाकाखाली लपायची कवायत शिकवली गेली. शशिकांत घरी येऊन जेवायचा आणि जेवताजेवताच डोळे मिटायचा. तेरा-चौदा दिवसांत सगळं संपलं. चेरीतालच्या चौकात जिलेबी वाटली. विनतानंही घेतली. ती गोड होती, आणि खाताना तिला आंब्याखालचे मास्तर आठवत राहिले. आता ते परत जातील. गावात शाळा उरली असेल का, कोण जाणे.

तिनं जानेवारीत त्यांना पत्र टाकलं. 'पाने वाला चला गया', म्हणजे पत्र घेणारा निघून गेला, असा शेरा मारून ते परत आलं.

डॉक्टर बागचींचं पत्र फेब्रुवारीत आलं. या वेळी कागदावर, शाईनं. छावणी रिकामी झाली होती. विनतानं ते मंडळाच्या बैठकीत वाचलं.

'तुम्ही पाठवलेल्या पैशातून आणि साच्यांतून एकशे दहा फरश्या ओतल्या. यानं किती जीव वाचले, हे तुम्ही विचाराल, आणि मला सांगता येणार नाही. लसी टोचल्या, पाऊस संपला, संडास झाले, यातलं कशानं काय झालं कोण सांगणार. तिसऱ्या विभागात ऑक्टोबरनंतर कॉलऱ्याचा नवा रोगी आला नाही, एवढं माझ्या नोंदीत आहे. बायकांसाठी आम्ही बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला होता. तसं करा म्हणून तुमचे साचे घेऊन आलेल्या वृद्ध गृहस्थांनी बजावलं होतं. एका बाईंचा निरोप आहे म्हणाले.'

विनतानं वर पाहिलं. विभावरीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

'एक साचा डिसेंबरात फुटला,' पत्र पुढे होतं. 'दुसरा एका माणसानं मागून घेतला. खुलनाकडचा शेतकरी होता. गावात घर उभं नाही, विहीर बुजवलीय, असं त्याला कळलं होतं. तरी तो परत निघाला होता, बायको आणि तीन मुलांसह. साचा त्यानं डोक्यावर घेतला. तो तुमचा होता, तरी मी न विचारता देऊन टाकला. क्षमा असावी.'

पद्मजानं डोळे पुसले. बेबीताई म्हणाल्या, "चलो, डोक्यावर तरी घेतला कोणी." त्यावर बायका हसल्या, आणि मग छपराचं काय करायचं यावर बोलणं सुरू झालं.

संध्याकाळी विनतानं शशिकांतला पत्र दिलं. त्यानं ते सावकाश वाचलं, शेवटचा भाग दोनदा.

"नाव नाही लिहिलं त्या माणसाचं," तो म्हणाला.

"नाही."

"कोणी त्याला सांगितलं असेल का, साच्याला आतून तेल लावत जा म्हणून? कोरडा राहिला तर सिमेंट धरून बसतं, मग काठ तुटतो. डिसेंबरातला तो त्यानंच फुटला असेल."

"त्याला कळेल हळूहळू."

"कळेल, पण दोन-चार फरश्या वाया जातील." त्यानं पत्राची घडी केली. "डॉक्टरांना लिही ना. त्यांना त्याचा गाव माहीत असेल."

माहीत असायची शक्यता फार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. विनतानं पोस्टकार्ड काढलं, टेबलाशी बसली, आणि तेल कुठलं लावायचं, किती, किती वेळानं, हे तिनं त्याला नीट विचारून घेतलं.